टॉकीज वाचवायची म्हणजे नेमकं काय वाचवायचं?

पुण्याच्या मंडईत गाडी लावायची असली की आजही विचारलं जातं, "आर्यनला लावू की मिनर्वाला?" दोन्ही महापालिकेचे वाहनतळ. कागदोपत्री त्यांची नावं वेगळी आहेत, पण ती कुणाच्या तोंडी नाहीत. आर्यन हे पुण्यातलं पहिलं कायमस्वरूपी चित्रपटगृह. गंगाधर नथुजी पाठक यांनी ते १९१५ मध्ये सुरू केलं, म्हणजे दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागल्यावर अवघ्या दोन वर्षांत. मूकपटापासून रंगीत चित्रपटापर्यंत सगळं दाखवून १९८३ मध्ये ते बंद पडलं. शेजारची मिनर्वाही गेली. राहिली ती नावं. तिकडे अलका चौकाच्या पाटीवर 'लोकमान्य टिळक चौक' लिहिलेलं असतं आणि रिक्षावाल्याला मात्र 'अलका' सांगितल्याशिवाय कळत नाही.

म्हणजे नावं आपोआप टिकतात, त्यासाठी समिती नेमावी लागत नाही. बाकीचं टिकत नाही. ते बाकीचं म्हणजे काय, हे मला थोडंफार सांगता येईल, कारण माझं पोट त्यावर चाललं.

सत्तरच्या दशकात मी एका चित्रपट वितरकाकडे प्रतिनिधी म्हणून लागलो. निर्मात्याकडून चित्रपट घेऊन तो थिएटरांत लावणारा मधला व्यापारी म्हणजे वितरक. त्याचा पैसा तिकीटविक्रीत अडकलेला आणि तिकिटं थिएटरवाल्याच्या हातात. म्हणून प्रिंटच्या पेटीबरोबर वितरकाचा एक माणूस जायचा आणि रोजचा गल्ला तपासायचा. तो माणूस मी. आई पाहुण्यांना "आमचा धाकटा सिनेमात आहे" असं सांगायची. पाहुण्यांचे डोळे मोठे व्हायचे, आणि मी तिकिटं मोजतो हे कळल्यावर पुन्हा लहान.

पेठेतली टॉकीज बाहेरून जशी दिसते त्यापेक्षा आतून फार शिस्तीची असायची. बुकिंगच्या खिडकीत प्रत्येक वर्गाचे वेगळे तिकीटगठ्ठे: लोअर स्टॉल, अप्पर स्टॉल, बाल्कनी. प्रत्येक तिकिटावर क्रमांक. खेळ सुरू होण्याआधी गठ्ठ्यातल्या पहिल्या तिकिटाचा नंबर टिपायचा, खिडकी बंद झाली की पुढचा नंबर टिपायचा. वजाबाकी केली की विक्री. त्यातून करमणूक कर वजा करायचा, उरलेल्या रकमेत कराराप्रमाणे थिएटरचं भाडं किंवा टक्केवारी, बाकी वितरकाची. हे सगळं एका छापील कागदावर यायचं. त्याला आम्ही 'डीसीआर' म्हणायचो, रोजच्या गल्ल्याचा अहवाल. तो तीन प्रतींत लिहिताना खालचे कार्बन पेपर सरकले की तिसऱ्या प्रतीवर सातचा एक व्हायचा आणि मग शुक्रवारी हिशेबाच्या वेळी वाद.

आकडा जुळवायचा तर नुसत्या खिडकीवर भरवसा ठेवून चालत नसे. डोअरकीपर तिकीट फाडून अर्धं प्रेक्षकाच्या हातात द्यायचा, अर्धं आपल्या पेटीत टाकायचा. शंका आली की मी ती पेटी ओतून अर्धुकं मोजत बसे. बाल्कनीसाठी बुकिंग क्लार्कपुढे बैठकीचा छापील नकाशा असे. त्याला 'प्लॅन' म्हणत. तिकीट गेलं की त्या खुर्चीवर पेन्सिलीची तिरकी रेघ. मुरलेला क्लार्क चार तिकिटं मागणाऱ्या कुटुंबाकडे एकदा बघायचा आणि लेकरू रडलं तर पटकन बाहेर पडता येईल अशा कडेच्या खुर्च्यांवर रेघ ओढायचा. एकटीदुकटी बाई आली तर तिला ओळखीच्या कुटुंबाच्या शेजारची जागा. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. टॉकीज गल्लीतली होती आणि क्लार्कही गल्लीतलाच होता, म्हणून हे होत असे.

वर केबिनमध्ये ऑपरेटरचं राज्य. चित्रपट एकसंध येत नसे, रिळांत येई. दोन हजार फुटांचं रीळ सेकंदाला चोवीस चित्रांच्या वेगानं साधारण वीस-बावीस मिनिटं चालतं. म्हणून दोन प्रोजेक्टर शेजारीशेजारी. एकावर रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमके. पहिल्या ठिपक्याला ऑपरेटर दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करी, काही सेकंदांनी दुसरा ठिपका दिसताच एकाची झडप बंद आणि दुसऱ्याची उघडी. खाली बसलेल्याला सांधा कळता कामा नये. उजेड कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ठिणगीचा. कांड्या जळत जातात तसं अंतर वाढतं, चित्र पिवळं पडू लागतं, म्हणून दर काही मिनिटांनी मूठ फिरवून त्या जवळ आणायच्या. ऑपरेटर बिडी ओढायला बाहेर गेला की पिटातून शिट्ट्या आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार.

कधी एकच प्रिंट दोन थिएटरांत फिरायची. पेठेत खेळ अर्धा तास आधी, कॅम्पात नंतर. इकडचं रीळ संपलं की सायकलवर टाकून तिकडे. गणपतीच्या दिवसांत लक्ष्मी रोडवर सायकल अडकली की कॅम्पातला इंटर्व्हल लांबे आणि कॅन्टीनवाला खूश.

ही यंत्रणा चालत होती ती माणसं येत होती म्हणून. 'माहेरची साडी' १९९१ मध्ये आला तेव्हा मी शेजारच्या थिएटरात एका पडलेल्या चित्रपटाचा हिशेब लिहीत होतो आणि प्रभात टॉकीजच्या बाहेरची बायकांची रांग बघत होतो. खेड्यांतून ट्रकनं आलेल्या, डबे बांधून आणलेल्या. आधीचा खेळ सुटला की बाहेर पडणाऱ्या डोळे पुसत, आत जाणाऱ्या त्यांच्याकडे बघून पदर सावरत. धंद्याच्या दृष्टीनं मला हेवा वाटायचा, पण माझ्यासारख्या गल्ला मोजणाऱ्यालाही कळत होतं की यातलं बरंच काही डीसीआरमध्ये मावत नाही.

मग हे का मोडलं? एकच कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ऐंशीच्या दशकात रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ घराघरांत शिरला. त्याचा पहिला घाव बसला जुन्या चित्रपटांवर. छोट्या टॉकीज नव्यापेक्षा जुन्यावर जगत. मॅटिनीला उतरत्या दरात जुना चित्रपट लावायचा आणि घर चालवायचं. ते उत्पन्न आटलं. पुढे २००१ च्या सुमारास राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सना सुरुवातीची काही वर्षं करमणूक करात सवलत दिली, आणि पेठेतला मालक पूर्ण कर भरत राहिला. शिवाय मल्टिप्लेक्सचं गणितच वेगळं. चित्रपट चालला तर तीनशेच्या सभागृहात, पडला तर शंभरच्या. एकपडदा थिएटरात आठशे खुर्च्या आणि समोर चाळीस माणसं असली तरी दिवे तेवढेच, नोकर तेवढेच. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि करमणूक कर त्यात विरला, पण तोवर बऱ्याच टॉकीजांची दारं लागली होती. दादरचं चित्रा २०१९ मध्ये बंद झालं. आणि सगळ्यांच्या वर जमिनीचा भाव. शहराच्या मध्यावर एवढी मोठी जागा, वारसदार चार, त्यातला एक अमेरिकेत. भावनेनं किती दिवस रेटणार?

वाचवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. त्यातल्या काहींकडे नीट बघण्यासारखं आहे.

मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उघडलं, पुढे त्याचं चित्रपटगृह झालं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते बंद पडलं. गोंडलच्या राजघराण्याची मालमत्ता. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली त्याची डागडुजी झाली, २०१६ मध्ये ते पुन्हा उघडलं आणि पुढच्याच वर्षी युनेस्कोचा वारसा-जतन पुरस्कार मिळाला. काम देखणं आहे. आता तिथं गाण्याच्या मैफली आणि नाटकं होतात. पण राजघराणं आणि तेवढा पैसा प्रत्येक टॉकीजच्या नशिबी नसतो. चर्चगेटसमोरचं १९३८ चं इरॉस बाहेरून तसंच आहे. आत २०२४ पासून आयमॅक्सचा पडदा आहे. जुन्या प्रेक्षकांना ते रुचत नाही. मला विचाराल तर चित्रपट दाखवणारी बदललेली इमारत ही कुलूपबंद अस्सल इमारतीपेक्षा बरी.

मला अधिक शिकवून जातात ती साधी उदाहरणं. अप्पा बळवंत चौकाजवळचं प्रभात हे मुळात इंदूरच्या सरदार किबे यांचं 'किबे लक्ष्मी थिएटर', १९३४ सालचं. प्रभात फिल्म कंपनी आदल्याच वर्षी कोल्हापूरहून पुण्याला आली होती. तिनं ते भाडेकरारावर घेतलं आणि नाव रूढ झालं. २०१४ च्या अखेरीस करार संपला. मूळ मालकांकडे जागा गेली तेव्हा 'आता इथं कपड्यांचं दुकान' असं सगळे म्हणाले. पण मालकांनी दुरुस्ती करून मूळ नावानं पुन्हा चित्रपटच लावले. लालबागची भारतमाता टॉकीज गिरणीच्या जमिनीवर उभी. गिरण्या गेल्यावर जागेचा वाद वर्षानुवर्षं चालला, तेव्हा मराठी सिनेमातली मंडळी आणि गिरणगावातली माणसं तिच्या पाठीशी उभी राहिली, कारण कमी दरात मराठी चित्रपट बघायची ती हक्काची जागा होती. मराठा मंदिरनं 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' १९९५ पासून, कोविडचा खंड सोडला तर, रोज लावला. शेजारी मुंबई सेंट्रल. गाडीला वेळ असलेला प्रवासी आणि सुट्टीवरचा कामगार तिथं येऊन बसतो.

या तिन्ही ठिकाणी थिएटर टिकलं ते नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या आधारानं. माझं म्हणणं एवढंच आहे: टॉकीज वाचते ती वापरानं. नुसता दर्शनी भाग राखून मागे मॉल बांधला तर तो शोभेचा दगड होतो. ज्यांना खरंच वाचवायची आहे त्यांनी सकाळी शाळांसाठी चित्रपट, दुपारी ज्येष्ठांसाठी जुना खेळ, संध्याकाळी नवा, रविवारी गाणं किंवा व्याख्यान असा आठवडा भरून दाखवावा. सरकारनं हातभार लावायचा तर पुतळ्यापेक्षा करात आणि विजेच्या दरात लावावा.

आणि जिथं हे होणार नाही, तिथं निदान नोंद ठेवावी. टॉकीजचे कागद इमारतीच्याही आधी जातात. एका तालुक्याच्या गावी टॉकीज पाडताना मी गेलो होतो. नाव घेत नाही. मालक भला माणूस, पण कंटाळलेला. प्रोजेक्टर भंगारवाल्यानं वजनावर नेला. ऑफिसातल्या कपाटात डीसीआरच्या फायली होत्या, लेजर होती, जाहिरातीच्या काचेच्या स्लाइडी होत्या: गावातल्या सराफाची, शिंप्याची, एका खानावळीची. मला त्यातल्या थोड्याच वाचवता आल्या. त्या फायलींतून कळतं की कोणत्या वर्षी दुष्काळात बाल्कनी रिकामी राहिली आणि लोअर स्टॉल मात्र भरला, कापसाचा पैसा हातात आला की गल्ला कसा उडी मारतो, आणि जत्रेच्या आठवड्यात तंबूतला सिनेमा टॉकीजचं गिऱ्हाईक कसं ओढतो. गावाचा असा इतिहास दुसऱ्या कुठल्या दप्तरात सापडणार?

चित्रपटांच्या बाबतीत आपण हे भोगलेलं आहे. पुण्यात २००३ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या गोदामाला आग लागून कितीतरी जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय चित्रपटांबरोबर पोस्टर, छायाचित्रं, गाण्यांच्या पुस्तिका जपतं. पण टॉकीजांचे हिशेब तिथं आपोआप पोचत नाहीत, कुणीतरी न्यावे लागतात.

तुमच्या गावात एखादी टॉकीज बंद पडून उभी असेल तर चार गोष्टी विचारा. बैठकीचा प्लॅन आहे का? डीसीआरच्या फायली? स्लाइडी आणि हाताने रंगवलेले बोर्ड? आणि ऑपरेटर, बुकिंग क्लार्क, डोअरकीपर यांपैकी कोण हयात आहे? त्यांना मोबाइलसमोर बसवा आणि बोलू द्या. मध्ये नट-नट्यांच्या गप्पा येतील, येऊ द्या, मग हळूच गल्ल्याचं विचारा. परवान्याच्या अर्जाबरोबर दिलेले नकाशे शहरात पोलीस आयुक्तालयात आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी कचेरीत जात. जुनं दप्तर शिल्लक असेल तर तिथंही विचारून बघावं. घरातल्या अल्बममध्ये लग्नाच्या वरातीमागे टॉकीजचा दर्शनी भाग आलेला असतो, त्याचीही प्रत करून ठेवा.

मालकानं इमारत पाडायची ठरवली तर त्याला अडवायचा अधिकार तुम्हा-आम्हाला बहुधा नसतो. पण रद्दीवाल्याच्या आधी त्याच्याकडे जाऊन ते कागद मागायला कुणाची मनाई नाही. आणि बहुतेक मालक देतात, असा माझा अनुभव आहे. त्यांना फक्त कुणी मागितलेले नसतात.