कमी बिटरेटवरील ऑडिओ एन्कोडरची जुळणी

कमी बिटरेटवरही ध्वनी शक्य तितका मूळाबरहुकूम ऐकू यावा, यासाठी ऑडिओ एन्कोडरच्या निर्णयपद्धतीत केल्या जाणाऱ्या सुधारणांना एन्कोडरची जुळणी म्हणतात. संकुचित फाइल डीकोडरने कशी वाचावी, हे मानक ठरवते. कोणत्या ध्वनीला किती बिट द्यावेत, हे मात्र एन्कोडर तयार करणाऱ्यांवर सोपवलेले असते. त्यामुळे एकाच मानकाच्या दोन एन्कोडरांची गुणवत्ता भिन्न असू शकते.

गरज

सीडीवरील ध्वनीसाठी सेकंदाला १,४११.२ किलोबिट लागतात. तासाभराचे ध्वनिमुद्रण सुमारे ६३५ मेगाबाइटचे होते. २४ किलोबिटवर तेच १०.८ मेगाबाइटमध्ये मावते. आकाशवाणीने मध्यम लहरींवर वापरलेल्या डीआरएम या डिजिटल प्रसारण पद्धतीतही ध्वनीसाठी मोजकेच किलोबिट उपलब्ध असतात.

कार्यपद्धती

मोठ्या आवाजालगतच्या कंपनसंख्येचा क्षीण आवाज कानाला जाणवत नाही. असे झाकले जाणारे अंश एन्कोडर कमी बिटांत बसवतो. तबल्याच्या थापेसारखा ध्वनी एकाएकी उमटला, तर त्रुटीचा गोंगाट थापेच्या आधीच ऐकू येऊ शकतो. हा ‘पूर्वप्रतिध्वनी’ टाळण्यासाठी तेथे ध्वनीचे लहान खंड पाडले जातात. बिट फारच अपुरे असल्यास उच्च कंपनसंख्या वगळतात, किंवा एचई-एएसी पद्धतीप्रमाणे त्या खालच्या पट्ट्यावरून पुन्हा घडवतात.

मराठी उच्चारांचा प्रश्न

‘स’सारख्या घर्षक वर्णांची बरीच ऊर्जा ४ किलोहर्ट्झच्या वर असते. ‘चार’ (संख्या) मधील तालव्य ‘च’ आणि ‘चारा’ मधील दंततालव्य ‘च’ यांतील भेदही मुख्यतः घर्षणाच्या कंपनसंख्येवर अवलंबून असतो. वरचा पट्टा कापल्यास हा भेद पुसट होतो. याउलट सावदा, रावेर, यावल परिसरातील लेवा गणबोलीत ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ असा उच्चार आढळतो. ‘ळ’ आणि ‘य’ यांतील फरक खालच्या पट्ट्यात असल्याने तो अधिक सहज टिकतो. म्हणून केवळ संगीतावर जुळवलेला एन्कोडर बोलींच्या ध्वनिमुद्रणास योग्य ठरेलच असे नाही.

श्रवणचाचणी

जुळणीचा अंतिम निकष कान हाच असतो. एबीएक्स चाचणीत ‘क्ष’ हा नमुना मूळ आहे की संकुचित, हे श्रोत्याला न सांगता ओळखायला लावतात. मुश्रा चाचणीत अनेक नमुन्यांना गुण दिले जातात आणि त्यांत मूळ ध्वनीही लपवून ठेवलेला असतो. एमपी३ विकसित करताना कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा यांच्या ‘टॉम्स डायनर’ या वाद्यसाथीविना गायलेल्या गीताचा चाचणीसाठी वापर केला होता.

मर्यादा

वगळलेला ध्वनी कोणत्याही जुळणीने परत मिळत नाही. संकुचित फाइल पुन्हा संकुचित केल्यास हानी वाढते. त्यामुळे बोली, लोकगीते आणि ओव्या यांच्या जतनासाठी मूळ प्रत फ्लॅकसारख्या हानिरहित स्वरूपात ठेवणे आणि कमी बिटरेटची प्रत केवळ प्रसारासाठी वापरणे इष्ट ठरते.