मोजावे की मापावे?



इंग्रजीच्या तासाला 'मच' आणि 'मेनी' यांचा विषय निघाला, की वर्गात कुणी ना कुणी एक प्रश्न विचारतोच. "सर, पैसे तर मोजता येतात; मग 'मनी' हे नाम अगणनीय कसे?" मागच्या बाकांवर हशा पिकतो आणि पुष्कळदा प्रश्न त्या हशातच बुडून जातो. माझ्या मते हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. विचारणाऱ्याचे मराठी पक्के असते, म्हणूनच त्याचे इंग्रजी तेथे अडते. हे अडणे कोठून येते, याचा शोध घेण्याचा प्रयत्न मी प्रस्तुत लेखात करणार आहे. मी भाषाशास्त्राची पंडित नव्हे, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इंग्रजी वाङ्मय घेतलेली एक विद्यार्थिनी आहे. तेव्हा काही उणे राहिल्यास प्राध्यापकवर्गाने ते भरून काढावे, ही विनंती.

विषय वरवर किरकोळ वाटेल, पण तसा तो नाही. आपल्यापैकी बहुतेक जण चिखली, मेहकर, मोताळा, संग्रामपूर अशा तालुक्यांतील खेड्यांतून, मराठी माध्यमातून येथवर आलेले आहेत. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्यामुळे 'गणनीय नामापूर्वी मेनी, अगणनीय नामापूर्वी मच' हा तक्ता आपल्याला तोंडपाठ असतो. परंतु कोणते नाम कोणत्या रकान्यात टाकायचे, हे तक्ता सांगत नाही. आमच्या गावचा एक हुशार मुलगा नोकरीच्या मुलाखतीत 'मेनी इन्फर्मेशन्स' असे म्हणाला आणि समोरची मंडळी हसली. नोकरी त्याला कशामुळे मिळाली नाही ते देव जाणे. पण तेव्हापासून तो चारचौघांत इंग्रजी बोलायला तोंड उघडत नाही, एवढे मला ठाऊक आहे. एका 'एस्' पायी एवढी किंमत फार झाली.

आता पैशाच्या प्रश्नाकडे वळू. गोंधळाचे मूळ आपल्या 'मोजणे' या क्रियापदात आहे. आपण मुले मोजतो, नोटा मोजतो, आणि पायलीने ज्वारीही मोजतो. म्हणजे एकेक करून गणणे आणि मापाने मापणे, ही दोन्ही कामे मराठीत 'मोजणे' हा एकच शब्द करतो. इंग्रजीत ही दोन कामे वेगळी आहेत. शिवाय 'पैसा' हे मुळात नाण्याचे नाव, म्हणून 'पैसे' हे अनेकवचन आपल्या तोंडी सहज बसले. इंग्रजीतील 'मनी' हे नाण्याचे नाव नसून संपत्तीच्या त्या प्रकाराचे नाव आहे. आपण गणतो ते रुपये, नोटा, नाणी. म्हणून 'मेनी रुपीज', 'मेनी नोट्स', 'मेनी कॉइन्स'. पण 'मच मनी'. 'एक मनी, दोन मनी' असे कुणी गणत नाही.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावयास हवी. एखादी वस्तू गणनीय आहे की नाही, हे वस्तू पाहून ठरत नाही. ते त्या भाषेतील नाम पाहून ठरते. आपल्या घरातील धान्याच्या कोठ्यांकडे पाहा, म्हणजे हे पटेल. 'ज्वारी दळली' असे आपण एकवचनात म्हणतो, पण 'तांदूळ धुतले' असे अनेकवचनात. दाणा दोन्हींचा बारीकच! तेच तांदूळ शिजले की लगेच 'भात शिजला' असे एकवचन होते. 'हरभरा यंदा चांगला आला' असे शेतकरी म्हणतो आणि त्याच घरात 'हरभरे भिजत घातले' असे त्याची बायको म्हणते. दोघांचेही मराठी बरोबर. इंग्रजीतही हाच प्रकार आहे. 'व्हीट' म्हणजे गहू हे अगणनीय, एकवचनी नाम. तर 'ओट्स' म्हणजे ओट हे धान्य अनेकवचनी. 'राइस' अगणनीय, पण 'बीन्स' आणि 'लेंटिल्स' गणनीय. धान्याच्या आकारात याचे उत्तर शोधू गेल्यास हाती काही लागणार नाही.

ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने व्याकरणाच्या तत्त्वज्ञानावरील आपल्या १९२४ च्या इंग्रजी ग्रंथात गणनीय नामे आणि राशिवाचक नामे यांची सविस्तर चर्चा केली आहे. या दोहोंमधली भिंतही कायमची नसते. वाटाण्याला इंग्रजीत पूर्वी 'पीज' असा एकच शब्द होता आणि तो एकवचनी होता. त्याच्या शेवटचा 'ज' हा उच्चार पुढे लोकांना अनेकवचनाचा प्रत्यय वाटू लागला. त्यांनी तो काढून टाकला आणि 'पी' हे नवे एकवचन सतराव्या शतकात रूढ झाले. म्हणजे ज्यांची ती मायबोली, त्यांनीही वाटाणे गणताना गफलत केली आणि तीच गफलत पुढे शुद्ध भाषा म्हणून कोशात बसली! आपल्या 'इन्फर्मेशन्स'ला हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मग विद्यार्थ्याने करावे काय? इंग्रजी नामांची मराठीशी तुलना केली, तर तीन गट पडतात, असे मला दिसून आले.

पहिला गट एकमताचा. पाणी, दूध, सोने, सामान, प्रामाणिकपणा ही नामे दोन्ही भाषांत अगणनीय आहेत. 'माहिती'ही याच गटात येते. 'दोन माहित्या द्या' असे मराठीत कुणी म्हणत नाही. मग 'टू इन्फर्मेशन्स' तरी कशाला म्हणायचे? येथे मायबोलीला विचारले असते, तर तिने योग्य तेच उत्तर दिले असते.

दुसरा गट दगा देणारा. येथे मराठी गणते, इंग्रजी गणत नाही. आपण दोन सल्ले देतो, चार बातम्या ऐकतो, डोक्यावरचे केस पांढरे झाले म्हणतो, दोन साबण आणि तीन खडू आणतो. इंग्रजीत 'ॲडव्हाइस', 'न्यूज', डोक्यावरचे 'हेअर', 'सोप', 'चॉक' ही सारी अगणनीय नामे. 'न्यूज'च्या शेवटी 'एस्' असूनही ते एकवचनी आहे, हे विशेष. 'फर्निचर', 'इक्विपमेंट', 'मशिनरी' हे शब्द तर आपण इंग्रजीतूनच घेतले, तरी त्यांना आपल्याकडे सर्रास 'एस्' जोडला जातो.

तिसरा गट याच्या उलट. मराठीत जे एक, ते इंग्रजीत अनेक. 'भाजी आणली' हे एकवचन, पण इंग्रजीत 'व्हेजिटेबल्स'. कात्री, चष्मा, पायजमा आपल्याकडे एकेकच. इंग्रजीत मात्र 'सिझर्स', 'स्पेक्टॅकल्स', 'पजामाज' ही सर्व अनेकवचने. म्हणून एक कात्री सांगताना 'अ पेअर ऑफ सिझर्स' असे म्हणावे लागते.

आता कुणी म्हणेल, की सल्ला अगणनीय ठरला, तर दोन सल्ले सांगायचे कसे? याची युक्ती आपल्याला जन्मापासून ठाऊक आहे. आपली आजी स्वयंपाकघरात चिमूटभर हिंग, मूठभर शेंगदाणे, घोटभर पाणी असे बोलते. बाजारात आपण मेथीची जुडी, लसणाचा गड्डा, गुळाची ढेप, मिठाचा खडा मागतो. गुरांना कडब्याची पेंढी टाकतो. जे गणता येत नाही, त्याला आधी एखादे माप किंवा आकार द्यायचा आणि मग तो आकार गणायचा, अशी ही रीत आहे. इंग्रजी नेमके हेच करते. 'अ पिंच ऑफ सॉल्ट' म्हणजे चिमूटभर मीठ, 'अ हँडफुल ऑफ राइस' म्हणजे मूठभर तांदूळ, 'अ केक ऑफ सोप' म्हणजे साबणाची वडी. याच चालीवर 'टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस', 'ॲन आयटम ऑफ न्यूज', 'थ्री पीसेस ऑफ चॉक', 'अ शीट ऑफ पेपर'. अनेकवचन होते ते मापाच्या शब्दाचे. पदार्थाचे नाम जसेच्या तसे राहते.

आपल्या जिल्ह्यातले सर्वांत चांगले उदाहरण कापसाचे. खामगावची कापसाची बाजारपेठ इतकी जुनी, की १८७० मध्येच जलंबहून तेथवर रेल्वेचा फाटा आला. शेतातून गाडीत भरून येतो तो कापूस म्हणजे 'कॉटन'. तो कितीही असला, तरी 'मच कॉटन' आणि क्रियापद 'इज'. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, प्रेसमध्ये रुई दाबली जाते आणि १७० किलोची एकेक गाठ बाहेर पडते. या गाठी म्हणजे 'बेल्स'. आता 'मेनी बेल्स ऑफ कॉटन' आणि क्रियापद 'आर'. व्याकरणाचा सगळा नियम या एका प्रेसमध्ये पाहायला मिळतो.

परिमाणदर्शक शब्दसमूहांची वाटणीही याच धोरणाने होते. 'अ लार्ज नंबर ऑफ', 'सेव्हरल', 'अ फ्यू' हे गणनीय नामांचे सोबती. 'अ लार्ज अमाउंट ऑफ', 'अ ग्रेट डील ऑफ', 'अ लिटल' हे अगणनीय नामांचे. 'अ लॉट ऑफ', 'प्लेंटी ऑफ', 'सम' हे आपल्या 'पुष्कळ', 'थोडे' यांच्यासारखे दोन्ही घरचे पाहुणे. साध्या होकारार्थी वाक्यात नुसते 'मच' पुस्तकी वाटते. तेथे 'अ लॉट ऑफ' बरे. 'मच' शोभते ते नकारात आणि प्रश्नात. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे अनेक विद्यार्थी, म्हणून 'आर'. पण 'द नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या, म्हणून 'इज'.

'अ' या एका अक्षराकडे तर विशेष लक्ष हवे. 'आय हॅव अ लिटल एक्सपीरियन्स' म्हणजे मला थोडाफार अनुभव आहे. 'अ' गाळून 'आय हॅव लिटल एक्सपीरियन्स' लिहिले, की अर्थ होतो, मला अनुभव जवळजवळ नाहीच! 'अ फ्यू' आणि 'फ्यू' यांचेही तसेच. मराठीत हा फरक आपण 'थोडा तरी' आणि 'फारसा नाही' असा करतो. नोकरीच्या अर्जात असा 'अ' गळला, तर आपणच आपल्याविरुद्ध साक्ष दिल्यासारखे होईल.

'फ्यूअर' आणि 'लेस' यांचा वादही सांगण्याजोगा आहे. गणनीय नामापूर्वी 'फ्यूअर' वापरावे, असे आपण शिकतो. परंतु नवव्या शतकातील आल्फ्रेड राजाच्या लेखनातही गणनीय नामासोबत 'लेस' आढळते. रॉबर्ट बेकर याने १७७० साली 'फ्यूअर' अधिक शोभते असे स्वतःचे मत मांडले आणि पुढच्या वैयाकरणांनी त्या मताचा नियम केला. परीक्षेत हा नियम पाळावा. कुणाला हिणवण्यासाठी मात्र तो वापरू नये.

शेवटी एक सूचना. काही नामे दोन्ही रकान्यांत बसतात आणि रकाना बदलला की अर्थ बदलतो. 'पेपर' म्हणजे कागद, पण 'अ पेपर' म्हणजे वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका. 'वर्क' म्हणजे काम, तर 'वर्क्स' म्हणजे लेखकाच्या कृती. म्हणून नवे इंग्रजी नाम वहीत एकटे उतरवू नये. त्याच्याशेजारी त्याचा सोबती लिहावा. 'ॲडव्हाइस' न लिहिता 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस' असे लिहावे. जुडीशिवाय मेथी आणि वडीशिवाय साबण ही नावे आपण शिकलोच नव्हतो. म्हणून तर ती कधी चुकत नाहीत. आणि वर्गात पुन्हा कुणी पैशाचा तो प्रश्न विचारला, तर मागच्या बाकांवरील मित्रांनी हसण्याऐवजी त्याला खामगावचा कापूस समजावून सांगावा.