होडीच्या केबिनचा रंग आणि रंगाऱ्याची छाती

शिडाची लहान फायबर होडी बाहेरून रंगवताना वारा सोबतीला असतो. आतल्या केबिनमध्ये तो नसतो. वीस-बावीस फुटी होडीच्या केबिनमध्ये धड उभेही राहता येत नाही. चार माणसे बसली की गुडघ्याला गुडघे लागतात. त्या पेटीत बसून जुना रंग घासायचा आणि नवा लावायचा. मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यावर रोजंदारीने हे काम करणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी पुढील माहिती जरूर वाचावी.

घासण्याआधी केबिन साबणाच्या पाण्याने धुवावी. तेलकटपणा राहिला तर नवा रंग धरत नाही. बुरशीसाठी ब्लीच वापरलेत तर त्यात ॲसिड किंवा अमोनियाचे काहीही मिसळू नका; विषारी वायू तयार होतो.

फायबर म्हणजे काचेचे धागे आणि रेझिन. रंगाखालचे फायबर घासले गेले की त्याची धूळ कातडीत टोचते, डोळे चुरचुरतात, खोकला येतो. म्हणून कोरडे घासण्यापेक्षा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हातानेच घासावे. ओल्या जागी विजेचे मशीन चालवू नये. जुन्या रंगात शिसे असू शकते. आपल्याकडे घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर आली ती २०१६ च्या नियमांनी. शिशाची धूळ कपड्यांवरून घरी येते आणि लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. कामाचे कपडे तिथेच बदला, वेगळे धुवा. हात न धुता बिडी-तंबाखूला लावू नका.

रंग चटकन निघावा म्हणून काही ठेकेदार रिमूव्हर देतात. डब्यावर मिथिलीन क्लोराइड लिहिले असेल तर केबिनमध्ये तो उघडूच नका. ते शरीरात गेल्यावर त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. अमेरिकेत बंद जागेत त्याने माणसे मेली, आणि २०१९ मध्ये ग्राहकांना असे रिमूव्हर विकण्यावर तिथे बंदी आली. शिवाय ते फायबरलाही मऊ करते, म्हणजे मालकाचेही नुकसान.

आता नवा रंग. रंग आणि हार्डनर असे दोन डबे येतात, तो पॉलियुरेथेन रंग चकचकीत व टिकाऊ असतो. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. ते श्वासातून गेल्याने कायमचा दमा जडू शकतो. एकदा शरीराने त्याची ॲलर्जी धरली की पुढे अगदी थोड्या वासानेही झटका येतो. मग तो धंदाच सोडावा लागतो. फवारणीत धोका सर्वांत जास्त. तिथे बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तोंडाला बांधलेला रुमाल, किंवा साधा एन-९५ मास्कही, वाफ अडवत नाही. एन-९५ धुळीसाठी ठीक आहे. थिनरच्या वाफेला कोळशाचे फिल्टर असलेला मास्क हवा.

खरे पाहता केबिनच्या भिंतींवर ऊन-पावसाचा मारा नसतो. तिथे एवढा कडक रंग कशाला? चांगल्या प्रायमरवर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक इनॅमल ब्रशने किंवा रोलरने दोन हात दिला तरी पुरते. मालकाला हे सांगायला लाजू नये. प्रायमर इपॉक्सीचा असेल तर हातमोजे घाला, त्याने कातडीला खाज व चट्टे येतात.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साठते. पुढची झडप आणि मागचे दार दोन्ही उघडे ठेवा. पंखा बाहेर ठेवून स्वच्छ हवा आत ढकलावी. वाफ पंख्याच्या मोटरमधून ओढली तर ठिणगीने आग लागू शकते. होडीची बॅटरी सोडवून ठेवा. एक माणूस कायम बाहेर बसवा, आणि त्याने मधून मधून हाक मारावी. आतल्याचे डोके जड झाले, चक्कर आली की त्याने लगेच बाहेर यावे. आतला बेशुद्ध पडला तर मागोमाग आत उडी घेऊ नका, आधी मदत बोलवा.

रात्री खोकला, छातीत शिट्टी वाजणे, आणि सुटीच्या दिवशी बरे वाटणे, असे दिसले तर सरकारी दवाखान्यात जाऊन 'रंगाचे काम करतो' हे आधी सांगा. रंगाच्या आणि हार्डनरच्या डब्यावरील लेबलचा फोटो मोबाइलमध्ये काढून सोबत न्यावा.