जुन्या बोटीचे नवे इंजिन

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतच्या अटलांटिक किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखातात, १९७० व १९८० च्या दशकांत बांधलेल्या, सहा ते आठ मीटर लांबीच्या फायबरच्या मासेमारी बोटी आजही खोल समुद्रात जातात. मेको, सीक्राफ्ट, ग्रेडी-व्हाइट अशा कारखान्यांतून बाहेर पडलेल्या या बोटींचे तळ जाड थरांचे आणि ‘व्ही’ आकाराचे असून उसळत्या पाण्यात ते अजूनही भरवशाचे ठरतात. मात्र ज्या इंजिनांचा हिशेब धरून त्या आखल्या गेल्या, ती इंजिने बाजारातून केव्हाच गेली आहेत. चांगल्या बांधणीची बोट चाळीस-पन्नास वर्षे टिकते आणि खाऱ्या पाण्यातले इंजिन त्याच्या निम्मेही टिकत नाही, त्यामुळे एकाच बोटीच्या आयुष्यात इंजिन बदलण्याचा प्रसंग दोन-तीनदा तरी येतो आणि दर वेळी निवडीचा प्रश्न नव्याने उभा राहतो.

कोकणातील ट्रॉलरचे डिझेल इंजिन बोटीच्या पोटात बसवलेले असते. येथे विचार आहे तो बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीवर, म्हणजे ट्रान्समवर, बाहेरून टांगलेल्या आउटबोर्ड इंजिनाचा, ज्यात इंजिन, खाली उतरणारा दांडा, दातेरी चाकांची पेटी आणि पंखा हे सर्व एकाच घडणीत येते. मिलवॉकी शहरात ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये असे इंजिन व्यापारी तत्त्वावर विकण्यास आरंभ केला, तेव्हा त्याची शक्ती दीड अश्वशक्ती आणि वजन सुमारे २८ किलो होते. पुढे १९७६ मध्ये मर्क्युरी कंपनीने १७५ अश्वशक्तीचे, सहा सिलिंडरचे व्ही-६ इंजिन आणले आणि किनाऱ्यापासून दूर जाणाऱ्या बोटींना आउटबोर्ड खऱ्या अर्थाने उपलब्ध झाले. ही सर्व इंजिने टू-स्ट्रोक पद्धतीची होती. सिलिंडरमधला जळका वायू बाहेर ढकलण्याचे काम या पद्धतीत आत येणारे ताजे मिश्रणच करते, आणि ते करताना पेट्रोलचा मोठा भाग, कार्ब्युरेटरच्या इंजिनांत जवळजवळ चतुर्थांश, न जळताच पाण्यात जातो. ही नासाडी रोखण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ मध्ये नियम केला आणि १९९८ ते २००६ या काळात नव्या आउटबोर्डमधून निघणारे हायड्रोकार्बन टप्प्याटप्प्याने सुमारे ७५ टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन घातले. त्यानंतर बाजार फोर-स्ट्रोक इंजिनांकडे वळला. थेट इंधन फवारणाऱ्या सुधारित टू-स्ट्रोकचा शेवटचा मोठा निर्माता असलेल्या एव्हिनरूडचे उत्पादनही २०२० मध्ये बंद झाले, त्यामुळे आज जुन्या बोटीसाठी नवे इंजिन घेणे याचा अर्थ प्रत्यक्षात फोर-स्ट्रोक घेणे असाच आहे.

फोर-स्ट्रोक इंजिन कमी पेट्रोल पिते, शांत चालते, धूर करत नाही आणि त्याच्या पेट्रोलात तेल मिसळावे लागत नाही. या सगळ्या गुणांची किंमत वजनात मोजावी लागते आणि जुन्या बोटीच्या बाबतीत खरा विचार येथूनच सुरू व्हायला हवा. दीडशे ते दोनशे अश्वशक्तीचे जुने टू-स्ट्रोक साधारण १७० ते २०० किलोंचे असे. दीडशे अश्वशक्तीच्या आजच्या फोर-स्ट्रोकचे वजन साधारण २०५ ते २३५ किलो भरते. म्हणजे दीडशेची जुनी जोडी काढून तेवढ्याच शक्तीची नवी जोडी लावली, तर बोटीच्या अगदी टोकाशी शंभर किलोंपर्यंत वजन वाढते, आणि ते वाढते अशा जागी की जिथून तरफेचा परिणाम सर्वांत जास्त होतो. बोट थांबलेली असताना मागची बाजू खाली बसते. डेकवरचे पाणी आपोआप बाहेर जावे म्हणून ठेवलेली भोके, जी मुळात पाण्याच्या रेषेपासून थोडीच वर असतात, ती रेषेवर किंवा रेषेखाली जातात आणि त्यांतून समुद्र उलटा आत येऊ लागतो. वेग एकदम कमी केल्यावर मागून येणारी लाट कमी उंचीच्या ट्रान्समवरून आत शिरण्याचा धोकाही वाढतो. शक्तीचा आकडा प्रथम पाहण्याची ग्राहकाची सवय म्हणूनच घातक आहे. बॅटऱ्या मागच्या कप्प्यातून काढून मधल्या चालक-मंचाखाली नेणे हा मागच्या बाजूच्या वाढीव वजनावरचा स्वस्त आणि परिणामकारक उपाय होय. पेट्रोलाची बचत सरासरी एक तृतीयांश होत असल्याने तेवढ्याच पल्ल्यासाठी टाकी कमी भरावी लागते हे खरे, आणि शंभर लिटर कमी म्हणजे सुमारे ७४ किलो कमी. परंतु टाकी बहुधा बोटीच्या मध्यभागी असते, त्यामुळे या बचतीने मागची बाजू थेट वर उचलली जात नाही.

वजनाच्या खालोखाल, काही बोटींत तर वजनाच्याही आधी, ट्रान्समची प्रकृती तपासावी लागते. त्या काळच्या बहुतेक बोटींत फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूडचा गाभा असे. इंजिनाच्या बोल्टांची, पाणी सोडण्याच्या नळ्यांची आणि पुढे वेळोवेळी लावलेल्या उपकरणांची भोके नीट बंद केलेली नसली की पाणी हळूहळू गाभ्यात झिरपते आणि बाहेरून चकचकीत दिसणारी भिंत आतून कुजते. हातोडीने ठोकून पाहिल्यास खणखणीत आवाजाऐवजी बोथट आवाज येणे, ओलावा मोजण्याच्या यंत्राने जास्त आकडा दाखवणे, आणि जुने इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर भार दिल्यावर भिंत लवताना दिसणे, या तीन खुणा पुरेशा बोलक्या असतात. शंका राहिल्यास बारीक छिद्र पाडून भुसा तपासावा. तो कोरडा व फिकट असला तर गाभा शाबूत असतो, काळा व ओला असला तर गाभा बदलण्यास पर्याय नसतो. आता हे काम प्लायवूडऐवजी काचतंतू मिसळलेल्या पॉलियुरेथेन फोमच्या फळ्यांनी करता येते आणि त्या कुजत नाहीत. खर्च मोठा असतो. तरीही कुजक्या भिंतीवर नवे महाग इंजिन टांगणे ही काटकसर नसून जिवाशी खेळ आहे.

एक इंजिन की दोन, हा वाद या किनाऱ्यांवर जुना आहे. जोडीच्या बाजूने नेहमी सांगितले जाते की एक बंद पडले तरी दुसरे घरी आणते. पण जड बोट एका इंजिनावर बहुधा पाण्यावर चढतच नाही, म्हणजे तळ पाण्याच्या पृष्ठभागावर उचलला जाऊन सरकण्याइतका वेग घेत नाही. ती पाणी कापत, चालण्याच्या वेगाच्या दुप्पट-तिप्पट गतीने परतते. शिवाय दोन्ही इंजिने एकाच टाकीवर आणि एकाच गाळणीवर असतील, तर समुद्रात पुष्कळदा इंजिने बंद पाडणारे दूषित पेट्रोल दोन्हींना एकाच वेळी थांबवते. जोडीचा भरवसा हवा असेल, तर पाणी वेगळे करणाऱ्या गाळण्या, बॅटऱ्या आणि शक्यतो टाक्याही स्वतंत्र हव्यात. याउलट तीनशे अश्वशक्तीचे एक आधुनिक इंजिन सुमारे २४० ते २९० किलोंचे असते, म्हणजे दीडशेच्या जुन्या जोडीपेक्षाही हलके. पाण्याखाली ओढला जाणारा भागही एकच असल्याने पेट्रोल वाचते आणि देखभाल निम्म्यावर येते. ऐंशी किलोमीटर आत जाणाऱ्या, रात्रभर थांबणाऱ्या बोटीला जोडी शोभते. दिवसाउजेडी परतणाऱ्या सात मीटरच्या बोटीला एक इंजिन, चांगला रेडिओ आणि संकट-संकेत देणारे उपकरण हीच अधिक विचारी निवड आहे.

मोजमापांत तुलनेने कमी अडचणी येतात. मोठ्या इंजिनांच्या बोल्टांची मांडणी बरीचशी प्रमाणित असून वरच्या दोन भोकांत सुमारे ३२७ मिलिमीटर अंतर असते, त्यामुळे जुनी भोके पुष्कळदा पुन्हा वापरता येतात. दांड्याची लांबी ट्रान्समच्या उंचीशी जुळावी लागते. ५०८, ६३५ आणि ७६२ मिलिमीटर ही तिची रूढ मापे आहेत. जोडी लावताना दोन इंजिनांच्या मध्यरेषांतले अंतर मोजणे अत्यावश्यक असते, कारण अनेक व्ही-६ इंजिनांना किमान ६६ सेंटिमीटर लागतात आणि जुन्या अरुंद ट्रान्समवर तेवढी जागा नसेल, तर वळताना एकाचे झाकण दुसऱ्याला लागते.

पंख्याची निवड मात्र घाईने करण्यासारखी नाही. पंखा एका फेरीत सैद्धांतिकदृष्ट्या जितके अंतर पुढे जाईल, त्याला पिच म्हणतात आणि ते एका इंचाने कमी केले की पूर्ण वेगाला इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या साधारण १५० ते २०० ने वाढतात. बोट बर्फ, माणसे आणि पेट्रोल यांनी भरलेली असताना इंजिनाने निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेच्या, बहुधा मिनिटाला ५,००० ते ६,००० फेऱ्यांच्या, वरच्या टोकाजवळ पोहोचले पाहिजे. तिथपर्यंत पोहोचू न देणारा मोठ्या पिचचा पंखा इंजिनाला कायम चढणीला लावल्यासारखा थकवतो. जड आणि संथ बोटींसाठी दातेरी चाकांचे मोठे गुणोत्तर व मोठ्या व्यासाचा पंखा उपयोगी पडतो. सुझुकीच्या मोठ्या इंजिनांत उभा दांडा मध्यापासून सरकवून इंजिनाचा भार पुढे, ट्रान्समकडे आणलेला असतो आणि जुन्या बोटीला त्याचा लाभ होतो.

खर्चाचा अंदाज बांधताना इंजिनाच्या किमतीवर थांबता येत नाही. कंपनी बदलली की गती-नियंत्रक, तारा, मापके आणि कित्येकदा सुकाणूची हायड्रॉलिक व्यवस्थाही बदलते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या फायबरच्या टाकीचे राळ सैल करते आणि पाणी शोषून घेते, त्यामुळे अशी टाकी असेल तर तीही त्याच वेळी काढणे शहाणपणाचे असते. कोणत्या कंपनीचे इंजिन घ्यावे, याचे उत्तर कोष्टकांपेक्षा जवळच्या बंदरात कोणाचा प्रशिक्षित कारागीर आणि कोणाचे सुटे भाग मिळतात, यावर ठरवावे. आजच्या प्रमुख चार-पाच निर्मात्यांच्या गुणवत्तेतला फरक त्यापुढे लहान आहे. ट्रान्सम, तळाच्या आधार-पट्ट्या आणि टाकी शाबूत असतील, तर जुन्या बोटीवर मूळ शक्तीइतक्या किंवा थोड्या कमी शक्तीचे हलके नवे इंजिन लावणे निश्चित योग्य आहे. तिन्ही गेलेले असतील, तर ते इंजिन दुसऱ्या बोटीसाठी घ्यावे.