वाळवंटातील शहर, डोंगरातील गाव : घर कोठे करावे?

गिरणी कामगाराचा, रेल्वेच्या गँगमनचा, नगरपालिकेतील झाडूवाल्या बाईचा मुलगा शिकून परदेशी गेला, ही गोष्ट आता आपल्या वस्त्यांना नवीन राहिलेली नाही. मुलगा गेला की मागे आईवडिलांच्या मनात एकच चित्र असते : अमेरिका म्हणजे बर्फ, थंडी आणि लोकरीचे कोट. म्हणून आई स्वेटर विणून देते. परंतु अमेरिकेत असेही एक मोठे शहर आहे की, तेथे स्वेटरपेक्षा पाण्याची बाटली आणि डोक्यावरची सावली अधिक मोलाची ठरते. ते शहर म्हणजे ॲरिझोना राज्याची राजधानी फिनिक्स.

या शहराचा विषय आम्ही मुद्दाम घेत आहोत. फिनिक्सला लागून असलेल्या चँडलर येथे इंटेल कंपनीचे, तर फिनिक्सच्या उत्तर भागात तैवानच्या टीएसएमसी कंपनीचे चिप बनविण्याचे मोठे कारखाने आहेत. कारखाने आणि संगणकाची कामे यांमुळे मराठी कुटुंबेही तिकडे स्थायिक झाली आहेत. आमच्या परिचयातील एक जोडपे त्यांपैकीच. मुलाची आई येथे चाळीत एकटी असते, रक्तदाबाची औषधे घेते. तिला कायमचे जवळ न्यावे असे दोघांच्या मनात आहे. पण त्या उन्हात आईला कसे ठेवायचे? त्यापेक्षा दीड-दोन तासांवरच्या डोंगरातील थंड गावात घर घेतले तर? असा प्रश्न त्यांनी आमच्यापुढे ठेवला. आम्ही हिशेबाच्या वह्यांत आयुष्य घालविलेली माणसे. तेव्हा भावनेबरोबर आकडेही मांडून पाहिले. ते सर्वांच्याच उपयोगी पडतील, म्हणून येथे देत आहोत.

ऊन किती आणि कोणाला?

फिनिक्स समुद्रसपाटीपासून अवघे ३३० मीटर उंचीवर, सोनोरा वाळवंटात वसलेले आहे. जुलै महिन्यात दुपारचे सरासरी तापमान ४१ अंश सेल्सियसच्या पुढे असते. २६ जून १९९० रोजी तेथे ५० अंशांची नोंद झाली. २०२३ साली ३० जूनपासून सलग ३१ दिवस दुपारचा पारा ४३ अंशांच्या वर गेला. २०२४ साली तर सलग ११३ दिवस दुपारचा पारा ३७.८ अंशांच्या, म्हणजे त्यांच्या शंभर फॅरनहाइटच्या खाली राहिला नाही. नागपूर-चंद्रपूरच्या आपल्या वाचकांना मे महिन्याची झळ ठाऊक आहे. पण तेथे पावसाळा येतो आणि सुटका करतो. फिनिक्सला ही सुटका फार उशिरा मिळते.

त्याहून वाईट गोष्ट रात्रीची. वाळवंटात दिवसा तापते, रात्री गार होते, असे आपण शाळेत शिकलो. परंतु डांबर, काँक्रीट आणि गाड्यांची वाहनतळे यांनी व्यापलेले शहर दिवसभर उष्णता पिऊन घेते आणि रात्रभर ती ओकत राहते. २०२३ च्या जुलैमध्ये सलग १६ रात्री तापमान ३२ अंशांच्या खाली आले नाही. शरीराला विश्रांतीच मिळत नाही. फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत येते, तेथे २०२३ साली उष्णतेमुळे ६४५ माणसे मरण पावल्याची सरकारी नोंद आहे. २०२४ साली हा आकडा ६०८ होता.

ही माणसे कोण? बेघर लोक त्यांत फार मोठ्या संख्येने आहेत. पन्नाशी ओलांडलेले आहेत. घरात असूनही ज्यांचे वातानुकूलन यंत्र बंद पडलेले होते, असेही आहेत. २०१८ साली फिनिक्सच्या परिसरात थोड्याशा थकबाकीपोटी वीज तोडल्यावर एका वृद्ध महिलेचा उष्णतेने मृत्यू झाला. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि २०१९ साली राज्याच्या आयोगाने आपल्या अखत्यारीतील कंपन्यांना उन्हाळ्यात वीज तोडण्यास मनाई केली. ऊन सर्वांवर सारखेच पडते असे म्हणतात. ते खरे नव्हे. फिनिक्समध्ये रेल्वेमार्गाच्या दक्षिणेस कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या लोकांना राहावे लागले. उत्तरेकडील चांगल्या वस्त्यांत त्यांना घर मिळत नसे. झाडे तिकडे, कारखाने आणि गोदामे इकडे. आजही गरिबांच्या वस्त्यांत झाडे कमी आणि तापमान अधिक आढळते. गावकुसाबाहेरच्या वस्तीचा अनुभव असलेल्यांना हे अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही.

डोंगर चढला की गारवा

उंची वाढली की हवा थंड होते. हजार मीटर चढल्यावर साधारण सहा-सात अंशांचा, कोरड्या हवेत त्याहूनही अधिक फरक पडतो. अमरावतीच्या उकाड्यातून चिखलदऱ्याला गेलेल्या माणसाने हे अंगावर अनुभवलेले असते. फिनिक्सच्या उत्तरेस जमीन पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाते. त्या पायऱ्यांवरची मुख्य गावे अशी :

पेसन. फिनिक्सच्या ईशान्येस सुमारे १४५ किलोमीटर. उंची १,५०० मीटर, वस्ती सुमारे १६ हजार. जुलैची दुपार ३३ अंशांच्या आसपास. चहूकडे पाइनचे जंगल.

प्रेस्कॉट. वायव्येस १६० किलोमीटर. उंची १,६०० मीटरहून अधिक, वस्ती सुमारे ४६ हजार. जुलैची दुपार ३२ अंशांच्या घरात. एकेकाळी हे गाव ॲरिझोना प्रांताची राजधानी होते. हिवाळ्यात गारठा असतो, बर्फ अधूनमधून. निवृत्त लोक येथे मोठ्या संख्येने येऊन राहतात. शेजारीच प्रेस्कॉट व्हॅली हे तितक्याच वस्तीचे, अधिक नवे गाव आहे.

फ्लॅगस्टाफ. उत्तरेस सुमारे २३० किलोमीटर. उंची २,१०० मीटर, वस्ती सुमारे ७७ हजार. जुलैतही दुपार २८ अंशांची. येथे विद्यापीठ आहे, मोठे रुग्णालय आहे. १९३० साली प्लूटोचा शोध लागला तो येथील लॉवेल वेधशाळेतच. परंतु हिवाळ्यात दोन मीटरहून अधिक बर्फ पडतो आणि जानेवारीच्या रात्री पारा शून्याच्या सात-आठ अंश खाली जातो.

सेडोना. लाल खडकांमुळे प्रसिद्ध, १,३२० मीटर उंचीवर. पण उन्हाळ्यात दुपार ३५ अंशांपर्यंत जाते आणि गाव पर्यटकांचे असल्याने घरे फार महाग. आपल्या हिशेबातून ते बाजूलाच ठेवावे.

थंड हवेची किंमत

आता वही उघडू. पेसन सर्वांत जवळचे म्हणून तेच घेऊ. जाऊन-येऊन रोज २९० किलोमीटर. महिन्याचे २२ कामाचे दिवस धरले तर ६,३८० किलोमीटर, म्हणजे सुमारे ३,९६० मैल. अमेरिकेच्या आयकर खात्याने २०२५ साली कामासाठी गाडी चालविण्याचा खर्च मैलाला ७० सेंट धरला होता. त्यात पेट्रोल, विमा, गाडीची झीज सर्व आले. त्या दराने हा खर्च महिन्याला २,७७२ डॉलर होतो! उन्हाळ्यात साध्या घराचे विजेचे बिल कितीही फुगले तरी ते इतके होत नाही. शिवाय रोजचे तीन तास धरले तर महिन्याचे ६६ तास रस्त्यावर गेले. आठ तासांचा दिवस धरला तर आठ दिवसांहून अधिक. तेवढा वेळ मुलाबाळांचा आणि आईचा कापला जाणार. आपल्याकडे कर्जत-कसाऱ्याहून लोक लोकलने मुंबईला येतात, तशी सोयही तेथे नाही. १९९६ पासून फिनिक्स शहरात लांब पल्ल्याची प्रवासी रेल्वेगाडी येत नाही. जे काही आहे ते स्वतःची गाडी.

बरे, तिकडेच नोकरी शोधली तर? फ्लॅगस्टाफमध्ये मतदारांनी २०१६ साली राज्यापेक्षा अधिक किमान वेतन मंजूर करून घेतले, ही चांगली गोष्ट. परंतु उन्हापासून पळणाऱ्या पैसेवाल्यांनी दुसरे घर म्हणून तेथे घरे घेतली, भाडी वाढली आणि डिसेंबर २०२० मध्ये नगरपालिकेला घरांच्या बाबतीत आणीबाणी जाहीर करावी लागली. ‘देखाव्यासकट गरिबी’ अशी म्हण तेथील लोकांच्या तोंडी आहे. हॉटेलात भांडी घासणारा, शाळेत शिकविणारा यांनाच तेथे राहणे अवघड झाले आहे.

दुसरी गोष्ट आगीची. ज्या पाइनच्या जंगलामुळे गारवा मिळतो, तेच जंगल उन्हाळ्यात पेटते. ३० जून २०१३ रोजी यार्नेलच्या वणव्यात प्रेस्कॉट अग्निशमन दलाचे १९ जवान एकाच दिवशी मृत्युमुखी पडले. फ्लॅगस्टाफजवळ २०१९ साली डोंगर जळाला आणि २०२१ च्या पावसाळ्यात त्या उघड्या डोंगरावरून पुराचे पाणी पूर्वेकडील वस्त्यांत शिरले. म्हणजे आग विझली तरी संकट संपत नाही. जंगलालगतच्या घरांचा विमा महाग होत चालला आहे. घराचे बयाणे देण्यापूर्वी विमा मिळतो का आणि कितीला, हे लेखी विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट पाण्याची. प्रेस्कॉटच्या परिसरात जमिनीत मुरते त्यापेक्षा अधिक पाणी उपसले जाते. घर नगरपालिकेच्या नळावर आहे, खासगी विहिरीवर आहे, की टँकरवर, हे पाहिल्यावाचून सही करू नये. जानेवारी २०२३ मध्ये स्कॉट्सडेल शहराने हद्दीबाहेरच्या रिओ व्हर्डे फूटहिल्स या वस्तीचे टँकरचे पाणी बंद केले, तेव्हा लाखो डॉलरच्या घरांतील लोकांना पावसाचे पाणी साठवावे लागले. टँकरच्या रांगेत उभे राहिलेल्या आपल्या भगिनींना नळाची किंमत कोणी शिकवायला नको.

चौथी गोष्ट प्रकृतीची. दोन हजार मीटरवर हवा विरळ असते. हृदयाचा, दम्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्या वृद्धांना तेथे धाप लागू शकते. घसरड्या बर्फावर हाड मोडण्याचे भय वेगळेच. तेव्हा डॉक्टरांना विचारल्यावाचून आईला फ्लॅगस्टाफला नेऊ नये. लहान गावांतून विशेष उपचारांसाठी फिनिक्सलाच यावे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

मग करावे काय?

आमचे मत असे पडले. ज्याला रोज कारखान्यात हजर राहायचे आहे, त्याने केवळ गारव्यासाठी डोंगरात घर घेऊ नये. त्याने शहरातच, पण झाडाची सावली असलेले, छपराला आणि भिंतींना उष्णतारोधक थर दिलेले घर पाहावे. वातानुकूलन यंत्र किती जुने आहे ते तपासावे. आपल्यासारखे पाण्याचे कूलर तेथेही आहेत. पण जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ते निकामी ठरतात. भाडेकरूंनी एक कायदा माहीत करून घ्यावा : फिनिक्स शहरात भाड्याच्या घरात वातानुकूलन असेल तर ते घर २८ अंशांपर्यंत थंड ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. आणि आईला न्यायचे तर ऑक्टोबर ते एप्रिल न्यावे. तेव्हा फिनिक्सची हवा आपल्या पुण्याच्या हिवाळ्यासारखी सुखद असते.

ज्याचे काम घरी बसून होते, किंवा जो शिक्षक, परिचारिका वा लेखनिक म्हणून तिकडेच काम मिळवू शकतो, त्याने प्रेस्कॉट व्हॅली किंवा पेसनचा अवश्य विचार करावा. मात्र आधी भाड्याने राहावे, एक जानेवारी आणि एक जून तेथे काढावा, मगच विकत घ्यावे.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, उन्हातून निघून जाणे ज्यांना परवडते त्यांची ही चर्चा. छपरावर खिळे ठोकणाऱ्या मजुराचे काय? प्रश्न रास्त आहे. मार्च २०२४ मध्ये फिनिक्स नगर परिषदेने ठराव करून शहराच्या ठेकेदारांना बाहेर राबणाऱ्या कामगारांसाठी पिण्याचे पाणी, सावली आणि विश्रांती देणे बंधनकारक केले. कामगारांनी संघटितपणे मागितले म्हणून ते मिळाले. आपल्या नगरपालिकांतील सफाई कामगारांना आणि रस्त्यावर खडी टाकणाऱ्या बायाबापड्यांना मे महिन्यात एवढे तरी मिळते काय? वाचकांनी आपापल्या गावी हा प्रश्न अर्ज लिहून विचारावा. अर्ज कसा लिहायचा हे आम्ही सांगू.