मास्तर घडवणारा आखाडा

अमरावतीत रिक्षावाल्याला ‘एचव्हीपीएम’ एवढं सांगितलं की पुरतं. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हे पूर्ण नाव बोलण्यात क्वचितच येतं. मंडळ जिथे आहे त्या भागालाच आता हनुमान व्यायामनगर म्हणतात. वस्तीने आखाडा काढावा हे नेहमीचं. इथे मात्र आखाड्याने वस्तीला नाव दिलं.

हौशी पोरांनी काढलेला क्लब पुढे मोठा झाला, अशी उदाहरणं जगात कमी नाहीत. इंग्लंडमधला ॲस्टन व्हिला १८७४ मध्ये एका चर्चच्या तरुणांनी काढला. मँचेस्टर युनायटेडची सुरुवात १८७८ मध्ये रेल्वेच्या कामगारांनी केली. कोलकात्याचा मोहन बागान १८८९ चा. १९११ मध्ये त्याच्या बहुतेक अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकली. आपल्याकडे कोल्हापुरात तर तालमींनीच फुटबॉल आपलासा केला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावं घेतली की तिथल्या पेठा आजही दोन तट पाडून भांडतात. या सगळ्यांची वाट एकच होती : आधी संघ, मग सामने, मग चषक आणि त्यामागून पाठीराखे.

अमरावतीच्या आखाड्याने वेगळी वाट धरली.

तटबंदीच्या गावात

मंडळाची स्थापना १९१४ ची. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी ते सुरू केलं. त्याच वर्षी जूनमध्ये लोकमान्य टिळक मंडालेहून सुटले होते. त्यांचे निकटचे सहकारी दादासाहेब खापर्डे अमरावतीचेच. काँग्रेसचं १८९७ चं अधिवेशनही याच गावात भरलं होतं. अशा गावात दंड-बैठका मारणाऱ्या तरुणाकडे नुसता पैलवान म्हणून पाहिलं जात नव्हतं.

आखाड्यात जे चालायचं ते सगळं देशी : कुस्ती, मल्लखांब, लेझीम, लाठी, आट्यापाट्या, हुतूतू, खो-खो. यातला मल्लखांब जवळून पाहिला तर शिकवण्याची गरज लगेच कळते. गुळगुळीत खांबाला एरंडेल चोपडलेलं असतं. ताकदीने धरायला जाणारा पोरगा सरळ खाली घसरतो. अढी कशी घालायची, मांडीची पकड कुठे बसवायची, उतरताना अंग कसं सोडायचं, हे कुणीतरी दाखवावं लागतं आणि तोल जाईल तेव्हा खाली उभंही राहावं लागतं. लेझमीचं गणित याच्या उलट. एक शिक्षक, एक हलगी आणि मैदानभर पोरं. चार आकड्यांच्या ठेक्यावर सगळी रांग एकदम वाकते, एकदम उठते. खर्च जवळपास नाही. पण आकडे घालणारा माणूस मात्र तयार असावा लागतो.

उन्हाळ्यातली शाळा

तो माणूस आणायचा कुठून? मद्रासला हॅरी बक यांनी १९२० मध्ये वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं होतं. अमरावतीच्या मंडळाने त्याच दशकात स्वतःचे उन्हाळी वर्ग सुरू केले. वेळ नेमकी साधली होती. शाळांना सुट्टी असल्याने मास्तर मोकळे, त्यामुळे नोकरी न सोडता शिकून जाता येई. वऱ्हाडातला मे महिना म्हणजे अंगाची लाही. तरी प्रांतोप्रांतीची माणसं इथे येत. ती शिकून गेली की आपापल्या गावी नवा आखाडा उभा करत. याच मंडळात शिवराम हरी राजगुरू यांनीही व्यायामाचे धडे घेतले. पुढे २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासोबत ते लाहोरला फासावर गेले.

१९३६ मध्ये मंडळाचं पथक बर्लिनला गेलं. ऑलिंपिकच्या निमित्ताने जमलेल्या जगापुढे त्यांनी हुतूतूसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. त्याच बर्लिनमध्ये १५ ऑगस्टला ध्यानचंद यांच्या संघाने हॉकीत जर्मनीला ८-१ ने लोळवलं. हॉकीचं सुवर्णपदक सगळ्यांच्या लक्षात राहिलं, वऱ्हाडची पोरं मागे पडली. हुतूतूला, म्हणजे आजच्या कबड्डीला, आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ म्हणून जागा मिळायला १९९० चं बीजिंग उजाडावं लागलं.

स्वातंत्र्यानंतर उन्हाळी वर्गांतून शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालय उभं राहिलं. मंडळाचे प्रधान सचिव प्रभाकरराव वैद्य यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. शंभर वर्षं ओलांडलेल्या या संस्थेचं खरं भांडवल चषकांच्या कपाटात नाही. खेळाडूची उमेद दहा-पंधरा वर्षांची असते. एक पीटीचा मास्तर तीस वर्षं शिट्टी वाजवतो आणि दरवर्षी नवी पोरं त्याच्या हाताखालून जातात.

फुटबॉल आणि मास्तर

विदर्भातला सगळ्यात गाजलेला फुटबॉलही असाच एका मास्तरच्या हातून झाला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडणारी झोपडपट्टीतली पोरं पाहिली, त्यांच्या हाती खरा चेंडू दिला आणि २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. नागराज मंजुळे यांचा २०२२ चा ‘झुंड’ त्यावरच बेतला आहे. अकोल्यातही वेगळं नाही. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत बॉक्सिंगचा रोजचा सराव चालतो, म्हणून शहराचं नाव बॉक्सिंगशी जोडलं गेलं. अकोल्याचा वेगवान गोलंदाज आदित्य ठाकरे (राजकारणातला नव्हे) २०१८ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या भारतीय संघात पोहोचला, तोही क्लबच्या मैदानावर घाम गाळूनच.

वऱ्हाडात गल्लोगल्ली मंडळं आहेत. गणपती, दुर्गादेवी, अकोल्याची श्रावणातली कावड, वर्गणीला कुठे खळ पडत नाही. खेळाचा क्लब काढायचा ठरला की मात्र पहिली बैठक जर्सीच्या रंगावर आणि दुसरी उद्घाटनाच्या पाहुण्यांवर संपते. अमरावतीचा धडा एवढाच की पहिला रुपया शिकवणाऱ्यावर खर्च करावा. रोज ठरल्या वेळी मैदानावर येणारा एक मास्तर मिळाला, तर जर्सी पुढच्या वर्षी घेतली तरी चालते.