झाड न तोडता झालेली फळी

बिस्किटाच्या रिकाम्या पुड्याला भंगारवाला हात लावत नाही. बाटलीला भाव आहे, दुधाच्या पिशवीलाही आहे. पुड्याच्या आवरणात मात्र प्लास्टिकचे थर आणि धातूचा मुलामा असे एकमेकांना चिकटलेले असतात, की ते सोडवणे कुणालाच परवडत नाही. असला बिनभावाचा माल चिरडून, तापवून, दाबला की त्याचे तक्ते होतात. बंगळुरूच्या ‘प्लास्टिक्स फॉर चेंज’ने २०२० मध्ये मंगळुरूजवळ पच्चनाडीत कचरा वेचणाऱ्या एका बाईंसाठी टाकाऊ प्लास्टिकच्या तक्त्यांचे घर उभे केले. सुमारे दीड हजार किलो प्लास्टिक, खर्च साडेचार लाख. वर्तमानपत्रांनी घराचे कौतुक केले. तक्त्यामागच्या हातांबद्दल फारसे कुणी लिहिले नाही.

खरी कारागिरी त्या हातांतच आहे. बंगळुरूचा कचरा आधी मावळ्ळीपुरा आणि मंडूर या गावांच्या माथी जायचा. गावकरी चिडले आणि २०१२ व २०१४ मध्ये तिथले कचरा डेपो बंद पडले. मग शहराला वर्गीकरणाकडे वळावेच लागले. वॉर्डावॉर्डांत सुक्या कचऱ्याची केंद्रे निघाली. त्यांतली बरीच ‘हसिरू दला’ या संघटनेशी जोडलेले कचरावेचक चालवतात. वर्गीकरण करताना पिशवी मुठीत चुरगाळून तिचा आवाज ऐकायचा: मऊ, ताणली जाणारी ती पॉलिथिनची, कुरकुरणारी ती पॉलिप्रॉपिलिनची. हे कुठल्या पॉलिटेक्निकात शिकवत नाहीत.

आणि इथे चूक चालत नाही. पॉलिथिन साधारण ११० ते १३० अंशांना वितळते, बाटलीचे पीईटी २५० च्या पुढे. दोन्ही मिसळले तर पीईटीचे तुकडे भातातल्या खड्यांसारखे तसेच राहतात आणि फळी तिथेच मोडते. पीव्हीसी शिरले तर आम्लाची वाफ निघते, ती साचा खाते आणि माणसाच्या फुप्फुसांनाही सोडत नाही.

आता फळीविषयी. वाळवी नाही, कुजणे नाही, पॉलिश नाही. करवत चालते, स्क्रू बसतो. (करवतीचा भुसा मात्र प्लास्टिकचाच, तो झाडून गोळा करायला हवा.) पण विक्रेते तिला ‘लाकूडच’ म्हणतात ते मला पटत नाही. पॉलिथिनचा ताठपणा सागाच्या जेमतेम दहावा हिस्सा. सतत ओझे राहिले की फळी हळूहळू वाकते आणि मग सरळ होत नाही. दोन मीटरची फळी तीस अंशांच्या फरकात जवळपास सेंटिमीटरभर लांबते-आखडते. शिवाय ती पेट घेते. म्हणून भिंतीचे तक्ते, कुंपण, बाक, गोदामातले पॅलेट यांसाठी ती उत्तम. तुळई किंवा वासा म्हणून नको.

सोसायटीच्या बागेसाठी अशी बाके घेणार असाल तर सुताराला दोन गोष्टी सांगा: टेकू लाकडापेक्षा जवळ घाल, आणि स्क्रूची भोके जरा सैल ठेव.